काटा कुणाच्या हाती

जून 2024 मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याची बातमी आली. कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण करून ते काम करत असल्याचं भासवतात, असा त्यांच्यावर ठपका होता. लबाडी ती लबाडीच, तिची बाजू मला घ्यायची नाही. पण या माणसांनी दिवसभरात काय करून दिलं हे ज्याला नेमकं ठाऊक आहे, त्या वरिष्ठाला माऊस हलतो की नाही हे बघावं का लागावं?

आपल्या कार्यालयांतही हेच चालतं. साडेसहा वाजून गेलेले असतात, काम उरकलेलं असतं, पण साहेब केबिनमध्ये आहेत म्हणून कुणी उठत नाही. मघाशी पाठवलेली एक्सेलची शीट पुन्हा उघडली जाते, चहाची आणखी एक फेरी होते. अशा कार्यालयात एखादी बाई वेळेवर येते, डबा टेबलावरच खाते, हातातलं सगळं संपवते आणि साडेपाचला कर्जत लोकल गाठायला निघते. ‘आज हाफ डे का?’ हा प्रश्न पाठीमागून तिलाच येतो. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ‘बांधिलकी कमी’ हा शेराही तिलाच मिळतो. घरी ज्यांची वाट बघणारं लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांच्यावर घड्याळाचा हा न्याय सगळ्यात जास्त अन्याय करतो.

तरीही तासांचा मोह सुटत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी देशाच्या कमी उत्पादकतेचा दाखला दिला होता. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन 90 तासांची भाषा करताना ऐकू आले. आता उत्पादकता म्हणजे तासाभराच्या कामातून किती निपजतं त्याचं माप. ते कमी पडत असेल तर यंत्रं, प्रशिक्षण, कामाची आखणी यांत खोट शोधायला हवी. तास वाढवून एकूण माल कदाचित वाढेल, पण दमलेल्या माणसाचा दहावा किंवा अकरावा तास पहिल्या तासाइतका पिकत नाही, हे हाताने काम केलेल्या कुणालाही विचारावं.

म्हणून माणसाला तासांवर न जोखता कामाच्या फळावर जोखावं, हे मला मनापासून पटतं. मात्र ‘मग ठरलं, उद्यापासून टार्गेट’ असं कुणी म्हणालं की मला पुन्हा तीच बँक आठवते. वेल्स फार्गोने तिथल्या शाखांमधल्या माणसांना एकेका ग्राहकाच्या गळ्यात बँकेच्या आठ-आठ सेवा घालण्याचं उद्दिष्ट दिलं होतं. ग्राहकाला विचारणं कर्मचाऱ्याच्या हातात होतं, त्याचा होकार नव्हता. नोकरी मात्र त्या होकारावर टांगलेली. मग ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती उघडली गेली. सप्टेंबर 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला. तोवर सुमारे 5,300 माणसं कामावरून गेली होती. पुढच्या वर्षी बँकेनेच मोजदाद वाढवून संशयास्पद खात्यांचा आकडा 35 लाखांपर्यंत नेला. इथे सगळं मोजमाप निकालाचंच होतं, आणि कागदावर निकाल उत्तम होते.

एकाच संस्थेत दोन्ही मापं नासली, कारण माप लावणाऱ्याने कामाकडे पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. तास मोजायला काम कळावं लागत नाही आणि आकडा मोजायलाही लागत नाही. ग्राहकाला त्या खात्याचा उपयोग झाला का, अहवाल वाचून कुणाचा निर्णय सुधारला का, हे सांगायला मात्र त्या कामात स्वतः हात घातलेला वरिष्ठ लागतो. फळावर जोखण्याची पद्धत खरी महाग पडते ती इथे, आणि म्हणूनच ती टाळली जाते. शिवाय निकाल मागायचा तर तो घडवण्याची मुभाही द्यावी लागते. साधनं, मदतीला माणसं, चुकीच्या कामाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क यांपैकी काहीच न देता फक्त निकाल मागणं म्हणजे धंद्याची जोखीम पगारदारावर ढकलणं.

ही जोखीम खाली ढकलली की काय होतं, ते आपल्याकडच्या उसाच्या फडात दिसतं. बीडकडून दर हंगामात हजारो जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती टनावर फेडायची. उजाडायच्या आत तोड सुरू होते. बुडख्यात कोयता मारायचा, पाचट काढायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची. गाडी कधी येईल त्याचा भरवसा नसतो. रात्री बाराला आली तरी उठायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं आणि गाडी भरायची. मग ती कारखान्याच्या रांगेत उभी राहते, ऊस वाळतो, वजन घटतं. रांग कारखान्याची, पण घट तोडणाऱ्याच्याही मजुरीतून जाते. वजन जिथे होतं तो काटा त्याच्या डोळ्यांसमोर नसतो.

इथे तास कुणीच मोजत नाही, निव्वळ निकालावर पैसे. तरी एक दिवस काम बुडालं की ‘खाडा’ लागतो आणि त्याचे पैसे वेगळे कापले जातात. म्हणजे काम केलं तर टनावर, नाही केलं तर दिवसावर. पाळीच्या दिवसांत, आजारपणात, पोट दुखत असतानाही बाई फडात उभी राहते ती या खाड्याच्या भीतीने. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं 2019 मध्ये समोर आलं आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

तासांची मर्यादा कशासाठी आली, हे म्हणूनच विसरता येत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना आठ तासांचा आग्रह पुढे आला, आणि 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. या मर्यादेने कुणाच्या कामाची लायकी ठरवली नाही. मालकाने माणसाच्या आयुष्यातलं किती मागायचं, याला तिने कुंपण घातलं. फळावर जोखणाऱ्यांनी ते कुंपण काढायचं कारण नाही. आयटीतल्या ज्या माणसाला ‘वेळेचं बंधन नाही, काम झालं की बस’ असं सांगून रात्री अकराला फोन केला जातो, त्याच्या बाबतीत ते कधीच काढलं गेलं आहे.

कार्यालयातल्या माणसाला हे निदान बोलून दाखवता येतं, राजीनामा देता येतो. उचल अंगावर असलेल्या कोयत्याला तेही करता येत नाही. दर काही वर्षांनी ऊसतोडीच्या दरावर वाटाघाटी होतात, टनामागे किती वाढ यावर ताणाताण होते आणि तो दर वाढलाच पाहिजे. पण त्याच कराराच्या कागदावर आठवड्याची पगारी सुट्टी, रात्रीच्या भरणीचे वेगळे पैसे, बाळंतपणाची रजा आणि खाडा बंद झाल्याची एक ओळ यायला हवी, आणि वजनाची पावती गाडीमागे फिरत न राहता तोडणाऱ्याच्या हातात पडायला हवी.