पाणी अडवायचं की वाटायचं?

सीईटीचा निकाल लागला की अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या घराघरांत कॅप राउंडचं गणित सुरू होतं. जलसंपदा अभियांत्रिकीचं नाव त्यात सहसा निघत नाही, कारण पदवीला ही स्वतंत्र शाखा क्वचितच असते. सिव्हिल किंवा कृषी अभियांत्रिकी करून एम.टेक.ला तिकडे वळायचं, असा रस्ता आहे. तो धरणाऱ्यानं कॉलेजचं नाव पाहण्याआधी आपला प्रश्न ठरवावा. पाणी अडवायला शिकायचं आहे की वाटायला?

या जिल्ह्यात अडवण्याची विद्या जुनी आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच प्रवरेवरच्या निळवंडे प्रकल्पाला मान्यता मिळाली १९७० मध्ये आणि कालव्यात पाणी आलं २०२३ मध्ये. एवढी वर्षं काही बांधकामाच्या सूत्रांवाचून अडली नव्हती. ती गेली जागेचा वाद, पुनर्वसन आणि निधी यांत. पाऊस कमी झाला की मुळा-भंडारदऱ्याचं पाणी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला सोडण्यावरून नगर आणि मराठवाडा समोरासमोर येतात. तिथे २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं समन्यायी वाटपाचं कलम कामाला येतं. ते न वाचलेला अभियंता या भांडणात फक्त दरवाजे उघडणारा ठरतो.

उलट याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पडलेल्या पावसावरून गावाचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर बंद केले आणि मगच पिकं ठरवली. मागणीला मुरड घालणं हेही पाण्याचं नियोजनच, हे या गावानं दाखवून दिलं.

म्हणून गणित सोडून नुसती कळकळ बाळगावी, असं नाही. जलगतिकी कच्ची असलेल्याचा ताळेबंदही चुकतो. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले अभियंते विश्वेश्वरय्या यांनी खडकवासला धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवले, तसाच कालव्यावरच्या पिकांच्या पाण्याचा वाटा बांधून देणाऱ्या ब्लॉक पद्धतीचाही विचार केला. अडवणं आणि वाटणं त्यांच्या लेखी एकाच कामाचे भाग होते.

आज पर्याय आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठात मृद-जलसंधारण आणि सिंचन-निचरा शिकता येतं, आणि मुळा धरण तालुक्यातच आहे. आयआयटी रुरकीचा जलसंपदा विभाग १९५५ पासून आशिया-आफ्रिकेतले नोकरीतले अभियंते घडवत आला आहे. मोठ्या प्रकल्पांची ओढ असेल तर रुरकी, शेताच्या बांधापासून सुरुवात करायची असेल तर राहुरी.

मात्र प्रवेश कुठेही घ्या, अभ्यासक्रम उघडून तीन गोष्टी शोधा: भूजल, पाण्याचा कायदा आणि गावात जाऊन करायचं मोजमाप. प्लेसमेंटचे आकडे त्यानंतर पाहा. अडवण्याजोग्या जागा आता थोड्याच उरल्या आहेत, वाटपाचे तंटे मात्र दर दुष्काळात वाढणार आहेत. या जिल्ह्याला ते सोडवणारे अभियंते हवे आहेत.