आईची पैठणी विकावी का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. घरात गुरुचरित्राचा सप्ताह सुरू होता आणि त्याच सप्ताहात आम्हा तिघा भावंडांत तंटा झाला. कारण होतं आईची पैठणी. आईचं वर्षश्राद्ध उरकलं होतं. ताई सुरतेहून आली होती, धाकटा शेतावरून आला होता. तिच्या लोखंडी पेटीचं काय करायचं ते ठरवू, म्हणून पेटी उघडली. वर डांबराच्या गोळ्या, मग चार सुती लुगडी, खाली एक जुना जरीचा शालू आणि सगळ्यात तळाशी मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली हिरवी पैठणी. तिच्या लग्नात आजोबांनी येवल्याहून आणलेली.

धाकटा म्हणाला, "दादा, ही विकून टाकू."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मायचं लुगडं विकतो का रे? त्याला काय भाव लावायचा?"

मी ताईची बाजू घेतली. आईची आठवण विकायची नसते, असं काहीतरी मोठं वाक्य बोललो. ते वाक्य पुढे महिनाभर मला टोचत राहिलं. दत्तभक्तांच्या या अंकात ते सगळं लिहावंसं वाटलं, कारण अशी पेटी आता घरोघरी आहे.

आधी व्यवहाराचं सांगतो. जुन्या पैठणीची जर आजच्यासारखी नसे. चांदीची तार बारीक ओढून तिच्यावर सोन्याचा मुलामा देत आणि ती रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळत. आता बहुतेक जर तांब्याची किंवा प्लॅस्टिकची असते. म्हणून जुन्या जरीला दोन प्रकारची गिऱ्हाइकं. एक गावोगाव फिरून जुन्या जरीच्या साड्या घेणारे. आमचं खापर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, गुजरातच्या हद्दीला लागून. जरीचं माहेर सुरत त्याच बाजूला. हे लोक साडी वजनावर घेतात. ती जाळतात आणि राखेतून चांदी काढतात. दुसरं गिऱ्हाईक नवं. शहरातल्या हौशी बायकांना जुनी, हातमागाची, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी पैठणी हवी असते. कुणी नेसायला घेतं, कुणी कापून जाकीट आणि पर्स शिवतं. आमच्या पैठणीला पहिल्याने नऊ हजार सांगितले, पुण्याच्या एका बाईंनी फोटो पाहून बेचाळीस.

कायद्याचंही बघितलं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या बाईच्या मालमत्तेत तिच्या मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखा. म्हणजे पैठणी तिघांची. पण तिचे तीन तुकडे करून चालत नाही. प्रश्न धर्माचाच उरला.

पारायणात नवव्या अध्यायाला आलो. कुरवपूरचा तो रजक, श्रीपाद श्रीवल्लभांची वस्त्रं भक्तीने धुणारा. नदीवर राजाचा थाट पाहून त्याच्या मनात आलं, असं सुख आपल्याला कधी मिळेल? गुरूंनी ती वासना ओळखली आणि पुढच्या जन्मी तो बिदरचा राजा झाला. त्या रात्री मला वाटलं, आपल्याला उत्तर मिळालं. वस्त्राची ओढ म्हणजे वासना, तेव्हा सोडून द्यावी. संन्याशाजवळ काय असतं? दंड, कमंडलू, छाटी. टेंबे स्वामी महाराजांनी 1914 साली नर्मदेकाठी गरुडेश्वरी देह ठेवला, तेव्हा काही त्यांच्या मागे पेट्या उघडाव्या लागल्या नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी ताईने मला गप्प केलं. ती म्हणाली, "दादा, वस्तूत काही नसतं म्हणतोस, मग गाणगापूरला पादुकांपुढे का लोटांगण घालतोस?"

प्रश्न साधा नव्हता. आपला संप्रदायच पादुकांचा. गुरू गेले तरी पादुका राहिल्या आणि त्या आपण जीवापाड जपल्या. मग आईची पैठणी म्हणजे घरातल्या पादुकाच नव्हेत का?

यावर मी खूप विचार केला. मला दोन फरक दिसले. एक तर पादुका म्हणजे रोजच्या चालण्याची खूण. गुरूंच्या पालखीच्या दांड्याला आपण लोटांगण घालत नाही. दुसरं म्हणजे पादुका पेटीच्या तळाशी विसरून पडलेल्या नसतात. त्या सर्वांच्या दर्शनासाठी असतात, त्यांची रोज पूजा होते. आमची पैठणी तळाशी होती. घडी न मोडल्याने दोन ठिकाणी जर तुटायला लागली होती. शालूला तर कसर लागलीच होती. आणि आईचं रोजचं चालणं पैठणीत कधी होतं? चुलीच्या धुराचा वास होता तो सुती लुगड्यांना. पैठणी ती आयुष्यात दहा-बारा वेळा नेसली असेल.

दहा-बारा वेळाच का? इथे मी अडलो. बाबा 1994 साली गेले. त्यानंतर आईने ती पैठणी अंगाला लावली नाही. माझं लग्न झालं, धाकट्याचं झालं, नातवंडांच्या मुंजी-बारशी झाली. दरवेळी ती पेटी उघडायची, फडकं सोडायची, हात फिरवायची आणि परत बांधायची. मी ते पाहायचो. "आई, नेस की आज," असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. नृसिंहवाडी ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. ती बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली होती. तिने ऐकली आणि भाकरी थापत राहिली. मीही पान उलटलं. जिवंत आईला जे वस्त्र मी नेसू दिलं नाही, तेच तिच्या मागे मी 'आठवण' म्हणून कवटाळत होतो.

धाकट्याचं म्हणणं मी नीट ऐकलं ते त्यानंतर. आईच्या शेवटच्या आजारपणात त्याने उसनवार करून सत्तर हजार उभे केले होते. त्यातले चाळीस अजून द्यायचे होते. त्याची शेती कोरडवाहू. मी पेन्शनवाला. मी तेव्हा दहा हजार दिले आणि कर्तव्य झालं असं समजलो. म्हणजे पैठणी विकू नये ही भावना माझी होती आणि तिचं व्याज तो भरत होता. आईचं ऋण आपण म्हणतो, ते असं आकड्यातही असतं. ते शिल्लक ठेवून तिचं रेशीम जपायचं, याला मातृभक्ती म्हणता येत नाही.

पैठणी ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, त्याच पैठणच्या नाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली. अवधूताचे चोवीस गुरू आपल्या बायाबापड्यांच्या तोंडी आले ते त्यातून. त्यातला कुरर पक्षी आठवा. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बाकीचे पक्षी त्याला टोचत होते. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. आमचंही तेच चाललं होतं, फक्त टोचणारी भावंडं होती. पण कुरराचा अर्थ 'विका आणि मोकळे व्हा' इतका स्वस्त नाही. त्याने तुकड्यावरची पकड सोडली. पकड न सोडता विकलं तर तंटा पैशावरून होतो. पकड सुटली तर ठेवलं काय, दिलं काय, विकलं काय.

म्हणून आधी मी माझ्या पेन्शनीतून वीस हजार धाकट्याच्या हातात ठेवले. ताईने न मागता दहा दिले. उरले दहा. आता विकायची निकड नव्हती. तेव्हा तिघं परत पेटीपाशी बसलो आणि काय आश्चर्य, ताईच म्हणाली, "ठेवून करणार काय? कसर खाईल. कुणीतरी नेसलं पाहिजे."

दत्तजन्माची कथा आपण सगळे जाणतो. तिन्ही देवांनी अनसूयामातेला विवस्त्र होऊन भिक्षा वाढायला सांगितलं आणि तिने त्यांची बाळं केली. तान्ह्या बाळाला आईचं वस्त्र दिसत नाही, आई दिसते. आपण मोठे होतो आणि मग आपल्याला काठ-पदर दिसू लागतात. याच अनसूयेची रामायणातली दुसरी कथा मात्र आपण कमी सांगतो. वनवासात सीता आश्रमात आली, तेव्हा वृद्ध अनसूयेने तिला वस्त्रं आणि अलंकार दिले आणि आपल्यासमोर लेवून दाखव म्हणाली. तिने विकलं नाही, दिलं, हे खरं. ज्याला देता येतं त्याने द्यावं. पण तिथे मला महत्त्वाचं वाटतं ते तिचं म्हणणं, की वस्त्र कुणाच्या तरी अंगावर जावं.

तेवढी एक अट आम्ही घातली. पुण्याच्या बाईंना सांगितलं, कापून जाकिटं शिवणार असाल तर नको. त्यांनी महिन्याभराने एक घर शोधलं, मुलीच्या लग्नात नेसायला जुनी पैठणी हवी असलेलं. किंमत बेचाळीसच्या जागी तीस आली. बारा हजार सोडताना हात आखडला, खोटं कशाला बोलू. शालू विरलाच होता, तो जरीवाल्याला दिला. त्यात नेसण्याजोगं काही उरलं नव्हतं, जाळला याचं दुःख झालं नाही. उसनवार फिटली, उरलेले पैसे सारखे वाटले. आईच्या सुती लुगड्यांची माझ्या बायकोने गोधडी शिवली. ती थंडीत मी घेतो. आई आठवते ती त्या गोधडीत.

तरी एक हिशेब राहिलाच. तो कुठल्याही विक्रीने फिटणारा नाही. आमच्या काकू गेली अकरा वर्षं पांढरट साडीत वावरतात. यंदा दत्तजयंतीच्या पाळण्यासाठी त्यांना एक हिरवी साडी नेऊन दिली. म्हटलं, "काकू, पाळण्याची दोरी तुम्ही ओढायची, आणि ही नेसून यायचं." त्यांनी साडीवरून हात फिरवला, अगदी आई फिरवायची तसा. "पाहू," म्हणाल्या.

मी एवढंच सांगतो, घरी अशी पेटी असेल तर ती उघडायला वर्षश्राद्धाची वाट पाहू नका.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.