ओले ओचे

परसातली आंघोळीची धोंड. आंघोळ झाली तरी श्याम तिच्यावरून उतरायला तयार नाही. तळवे ओले आहेत, माती लागेल. आई वाकते, नेसत्या लुगड्याचे ओचे त्या धोंडीवर पसरते, आणि पोरगा त्यावर पाय टिपून घरात पळतो. त्या प्रसंगी आई मनाविषयी जे बोलली, ते घराघरांत पाठ आहे. मला मात्र अलीकडे ते बोलणं ऐकू येण्याआधी ओचेच दिसतात. दिवसभराची कामं पुढ्यात असलेल्या बाईच्या अंगावरचे, ओले झालेले.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती. स्वतःच्या पांडुरंग या नावाचा त्यांनी श्याम केला. पालगडची माती, घरची गरिबी, देव्हारा तसाच ठेवला. ओच्यांवर उभ्या असलेल्या मुलाला ते नुसतं कापड होतं. कोठडीत बसून आठवणाऱ्या माणसाला त्यात अख्खी आई दिसली. आत्मकथनातून उमललेल्या कथेत प्रतीक असंच येतं. ते कुणी बाहेरून आणून मांडत नाही. वस्तू घरातलीच असते, तिचा अर्थ कळायला मुलाला मोठं व्हावं लागतं, पुष्कळदा पोरकंही.

वडाचंही तेच. वटसावित्रीचं व्रत नवऱ्याच्या आयुष्यासाठी, हे साऱ्यांना ठाऊक. श्यामची आई आजारी पडते आणि तिच्या वाटच्या प्रदक्षिणा मुलाला घालायला सांगते. बायकांच्या गर्दीत आपण एकटेच, पोरं हसतील, या विचाराने तो अवघडतो. देवाच्या कामात लाज कसली, असं आई त्याला समजावते. शतकांचा अर्थ अंगावर वागवणारा तो वड इथे एका मुलाच्या लाजेचा साक्षीदार होतो.

1947 च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. भोवती विरोध होता, हेटाळणीही होती. त्या दिवसांविषयी वाचताना मला वडाभोवती फिरणारा तो मुलगा आठवतो.

पुस्तकाची पहिलीच रात्र, म्हणजे पहिलं प्रकरण, त्या वडाची आहे. इतकी वर्षं मी ती भरभर उलटून ओच्यांच्या पानाशी जात आले. काल रात्री तिथेच थांबले.