बोटाची टोपी

धुळ्यात पांझरेच्या काठी एका गल्लीत एक बँडमास्तर राहत होते. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. अप्पांच्या बँडमध्ये दोन पोरं एकमेकांची जिवलग होती. एक क्लॅरनेट वाजवायचा, दुसरा ऑक्टोपॅड. लग्नसराईत एकाच टेम्पोत बसून दोघं पारोळा, एरंडोल, जळगाव असे फिरायचे. एकाच ताटात वरण-बट्टी चुरून खायचे आणि परतताना ढोलाला टेकून झोपायचे.

क्लॅरनेटवाल्याची बोटं फार चपळ होती. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला की तो अशा काही मुरक्या घ्यायचा की मागची म्हातारी माणसंही पाऊल उचलायची. अप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि नुसतं म्हणायचे, "वाजाड, पोऱ्या, वाजाड."

बँडवर वर्षाचं पोट भरत नव्हतं. कापूस निघाला की क्लॅरनेटवाला जळगावकडच्या एका जिनिंगमध्ये कामाला जायचा. सरकीपासून रुई सुटायची, रुईच्या गठाणी बांधल्या जायच्या, आणि संध्याकाळी तो पांढऱ्या भुवया घेऊन घरी यायचा. एका वर्षी होळीनंतर अप्पांचा निरोप आला. सुपाऱ्या सुरू झाल्या होत्या. पोरगा दुसऱ्याच दिवशी काम सोडणार होता. आई म्हणाली, "हप्ता पुरा कर, मंग सोड. अर्ध्यात सोडशील तर पैसे अडकतील."

हप्त्याच्या शेवटच्या दिवशी यंत्रात रुई अडकली. ती काढायला त्याने हात घातला आणि पट्टा फिरला. उजव्या हाताच्या मधल्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाची शेवटची पेरं गेली.

जखम भरली. मग एका दुपारी त्याने दार लावून क्लॅरनेट तोंडाला लावली. क्लॅरनेटला पुढे सहा भोकं असतात आणि मागे अंगठ्याचं एक. बोटाचा मऊ शेंडा भोकावर नीट बसला तर सूर उभा राहतो. केसाएवढी फट राहिली तरी वारा गळतो आणि सुराची शिट्टी होते. वरचे सूर निघाले, खाली उतरला की नुसती फुसफुस. त्याने तीनदा प्रयत्न केला. मग पत्ती काढून पुसली, क्लॅरनेट पेटीत ठेवली आणि पेटी खाटेखाली सरकवली.

अप्पा दोनदा येऊन गेले. तो म्हणाला, "अप्पा, दुसरा माणूस बघा."

त्याच हंगामात ऑक्टोपॅडवाल्यानेही बँड सोडला. लोक आता डीजे मागत होते. त्याने कर्ज काढून जुने स्पीकर घेतले, एक जुना कीबोर्ड घेतला आणि एका हळदीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा उभा राहिला. आवाज मध्येच तुटत होता. शहरातून आलेला एक पाहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय टिनपाट वाजवतोय हा!" मांडव हसला. पोरगा वायरी गुंडाळून गल्लीत परतला आणि मित्राच्या ओट्यावर येऊन बसला. दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत.

मे महिना होता. रात्रीसुद्धा भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. अप्पांची नात पुण्याहून सुट्टीला आली होती. ती तिथे इंजिनिअरिंगला होती आणि फावल्या वेळात गिटार वाजवायची. आजोबांकडून तिने सगळं ऐकलं होतं. ती मोबाइल घेऊन ओट्यावर आली.

"दादा, एक गाणं ऐक."

"मला कुठलंच गाणं ऐकायचं नाही," क्लॅरनेटवाला म्हणाला.

"तोही असंच म्हणाला होता," ती म्हणाली आणि तिने गाणं लावलं.

आधी पाऊस ऐकू आला. मग लांबवर देवळातल्यासारखी एक घंटा. मग गिटारचा एक सूर आला, इतका जड आणि इतका सावकाश की समोर झोपलेलं कुत्रं मान वर करून बघू लागलं.

"हे काय भुताटकीचं?" ऑक्टोपॅडवाल्याने विचारलं.

नात सांगू लागली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं शहर आहे. तिथे टोनी आयोमी नावाचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा आणि गिटार वाजवायचा. १९६५ साली तो सतरा वर्षांचा होता. एका बँडबरोबर परदेशी जायचं ठरलं होतं. कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा तो म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, धरलेलं काम पुरं करून ये. तो गेला. पत्र्याच्या यंत्राखाली त्याचा उजवा हात सापडला. मधल्या दोन बोटांचे शेंडे गेले. तो डावखुरा होता, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच होता.

दाराच्या उंबऱ्यावर क्लॅरनेटवाल्याची आई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपातच थांबला.

"डॉक्टर म्हणाले, गिटार विसर," नात पुढे सांगू लागली. "मग कारखान्यातला त्याचा साहेब एक रेकॉर्ड घेऊन त्याच्या घरी आला. हा म्हणाला, मला काही ऐकायचं नाही. साहेबाने ऐकलं नाही, रेकॉर्ड लावली. गिटार होती, फार सुंदर. वाजून झाल्यावर साहेब म्हणाला, हा माणूस दोनच बोटांनी वाजवतो."

तो माणूस होता जँगो राइनहार्ट. पॅरिसच्या कडेला भटक्यांच्या तांड्यात राहायचा. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं आखडली ती कायमची. उरलेल्या दोन बोटांनी त्याने असं काही वाजवलं की पुढचे गिटारवाले दहा बोटं घेऊन त्याच्यामागे धावत राहिले.

"मग टोनीने काय केलं?" क्लॅरनेटवाल्याने विचारलं. त्या हंगामात त्याने पहिल्यांदाच कुणाला काही विचारलं होतं.

"भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली. तिच्या बोटाच्या टोप्या केल्या. वरून जुन्या जाकिटाचं कातडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारा आणखी सैल केल्या. सैल तार खाली बोलते, जड बोलते. १९७० साली त्याच्या बँडचा, ब्लॅक सॅबथचा, पहिला अल्बम आला. ज्याला आज जगभर हेवी मेटल म्हणतात त्याची सुरुवात लोक तिथून धरतात. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात तर त्याने तारा दीड सूर खाली उतरवल्या होत्या. आणि २०२५ च्या जुलैत, सत्याहत्तराव्या वर्षी, त्याच गावात त्याच्या बँडची अखेरची मैफल झाली. तेव्हाही बोटांत टोप्या होत्याच."

कुणी काही बोललं नाही. मग उंबऱ्यावरून आईचा आवाज आला, "मंग त्या माउलीनं काय व्हयनं?"

नातीला ते ठाऊक नव्हतं. क्लॅरनेटवाला उठला, आईच्या हातातलं सूप खाली ठेवलं आणि तिच्याजवळ बसला. झालेल्या गोष्टीबद्दल मायलेकरांत त्यानंतर कधी शब्द निघाला नाही.

दुसऱ्या रात्री ऑक्टोपॅडवाला आपणहून आला. "माझ्यासाठी आहे का एखादी गोष्ट?" त्याने हसत विचारलं.

नातीकडे होती. तीही पॅरिसचीच. तिथे दोन शाळासोबती होते. एका मित्राला घेऊन त्यांनी १९९२ साली गिटारचा बँड काढला. एका इंग्रजी साप्ताहिकाने त्यांच्या गाण्याला खुळचट धांगडधिंगा ठरवलं. बँड मोडला. दोघांनी गिटारी बाजूला ठेवल्या, घरच्या खोलीतच यंत्रं मांडली आणि टीकेतलेच इंग्रजी शब्द उचलून नाव घेतलं, डाफ्ट पंक. जुन्या नाचगाण्यांच्या रेकॉर्डीतला चिमूटभर तुकडा घ्यायचा आणि तोच फिरवत ठेवायचा. त्याचा आवाज कधी भिंतीपलीकडून आल्यासारखा दाबायचा, कधी दार उघडल्यासारखा मोकळा सोडायचा. खाली ठोका मात्र अखंड. या धाटणीला फ्रेंच हाउस म्हणतात. १९९७ साली त्यांचा पहिला अल्बम आला. घरात बसून केला म्हणून नाव ठेवलं 'होमवर्क'.

"पुढे तोंडं दाखवणं त्यांनी टाळलं," नात म्हणाली. "यंत्रमानवाची शिरस्त्राणं घालून वाजवायचे. आणि गंमत ऐक. २०१३ च्या अल्बमात या यंत्रवाल्यांनी खरे वादक बोलावले. जुन्या काळचे, हाताने वाजवणारे. पुढच्या वर्षी त्या अल्बमाला ग्रॅमीचा सगळ्यांत मोठा मान मिळाला. २०२१ साली दोघांनी शांतपणे निरोप घेतला."

ऑक्टोपॅडवाल्याने थोडा विचार केला. सकाळी तो पेंटरकडे गेला आणि स्पीकरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहून घेतलं: टिनपाट.

नात पुण्याला गेली. क्लॅरनेटवाल्याने खाटेखालची पेटी ओढली.

आधी त्याने शिंप्याचं अंगुस्तान घालून पाहिलं. ते भोकावर खटखट वाजायचं आणि घसरायचं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून, सोल्यूशन लावून टोपी केली. ती बसली, पण दोन दिवसांत घामाने सुटली. शेवटी अप्पांनी फाटलेल्या ढोलकीच्या पुडीचं पातळ कातडं दिलं. आत रबर, वर कातडं. कातडं ओठांनी जरा ओलं केलं की भोकावर गच्च बसायचं. नदीकाठी बसून त्याने सगळी भोकं झाकली आणि फुंकर घातली. खर्ज उभा राहिला. वारा कुठेही गळला नाही.

मुरकी मात्र येईना. टोपी उचलायला वेळ लागायचा, ठेवायला त्याहून जास्त. जिथे पूर्वी आठ सूर घेतले असते तिथे आता दोनच मावत. तो चिडला. पुन्हा पुन्हा घाई करून पाहिली आणि दर वेळी सूर चिरकला. अप्पा काठी टेकत आले, शेजारी बसले.

"दोनच येतात ना?" अप्पा म्हणाले. "मग दोनच वाजव. पण पोट भरून वाजव."

तो रोज संध्याकाळी दोनच सूर वाजवू लागला. खालचा सूर धरायचा, दम संपेपर्यंत धरायचा, मग सावकाश वर सरकायचं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पुलावरून जाणारी माणसं सायकल थांबवून ऐकू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात एरंडोलजवळच्या एका खेड्यात लग्न होतं. टिनपाटाला सुपारी होती. आता त्याचे स्पीकर चांगले होते आणि नाव पोरांच्या तोंडी झालं होतं. त्याने क्लॅरनेटवाल्यालाही टेम्पोत घातलं. वरातीत पोरांनी धूळ उडवली. क्लॅरनेटवाला कडेला पेटी मांडीवर घेऊन बसून राहिला. त्या गाण्यांत त्याच्या दोन सुरांना जागा नव्हती.

दिवस कलला. पंगती उठल्या. नवरी निघाली. तिला बाप नव्हता, एक म्हातारा काका होता. त्याच्या गळ्यात पडून ती रडू लागली, आणि स्पीकरवर अजून नाचाचं गाणं चालूच होतं. ऑक्टोपॅडवाल्याने ते पाहिलं. त्याने हात पुढे केला आणि यंत्र बंद केलं. मांडवात एकदम शांतता झाली. त्याने मित्राकडे पाहून मान हलवली.

क्लॅरनेटवाल्याने टोप्या चढवल्या, कातडं ओलं केलं आणि खालचा सूर लावला. सूर जमिनीलगत चालत गेला. त्याला कुठेच घाई नव्हती. नवरीचा हुंदका त्या सुरात शिरला आणि तिथेच विसावला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. काकाने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला गाडीपर्यंत नेलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी सूर धरलेलाच होता.

त्या दिवसानंतर सुपारी द्यायला येणारी माणसं एक गोष्ट न विसरता विचारू लागली, "पाठवणीला तो टोपीवाला येईल ना?"

तुटलेलं बोट पुन्हा उगवत नाही, आणि हसलेला मांडव हसणं परत घेत नाही. पूर्वीसारखं वाजवायचा हट्ट धरला की सूर चिरकतो. उरलेल्या हाताला जे जमतं तेवढंच मन लावून केलं, तर पूर्वीच्या चपळ बोटांना कधी न सापडलेली जागा त्याला सापडते. मात्र खाटेखालची पेटी माणूस एकट्याने सहसा ओढत नाही. 'ऐकायचं नाही' म्हटलं तरी शेजारी बसून ऐकवणारं कुणीतरी लागतं.

पॅरिसची रेकॉर्ड बर्मिंगहॅमला पोचली, बर्मिंगहॅमचा सूर धुळ्याच्या ओट्यावर. क्लॅरनेटवाल्याने हे ध्यानात ठेवलं. आजही त्याच्या पेटीत चार टोप्या असतात. दोन त्याच्या, आणि दोन जास्तीच्या, कुणाला लागल्याच तर.