मेल्यावर नागरिक, जिवंतपणी परका

दारी आलेल्या परक्या माणसाला ठाव मिळावा, ही आपली दया की त्याचा हक्क? प्रश्न जुनाच आहे. पण युरोप खंडात आज तो रोज नव्याने उभा राहतो. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

३ ऑक्टोबर २०१३ ची गोष्ट. पाचशेहून अधिक माणसांनी खचाखच भरलेली एक नाव लिबियाहून इटलीच्या लांपेदूसा बेटाकडे निघाली होती. बहुतेक लोक इरिट्रिया देशाचे, घरदार सोडून आलेले. बेट जवळ आले आणि नाव बंद पडली. कोणी तरी मदतीला यावे म्हणून खुणेसाठी चादर पेटवली, तर आगच भडकली. नाव उलटली आणि साडेतीनशेहून अधिक जीव बुडाले. सारा देश हळहळला. त्या वेळचे पंतप्रधान एन्रिको लेत्ता यांनी जाहीर केले, की मेलेले सगळे आजपासून इटलीचे नागरिक. आणि जे जिवंत किनाऱ्याला लागले? बेकायदा प्रवेश केला म्हणून त्यांच्यावर चौकशी सुरू झाली. कायदाच तसा होता ना!

केवढे हे विपरीत! पण असे होते का? मेलेला माणूस काही मागत नाही. त्याला भाकरी नको, काम नको, त्याच्या मुलांना शाळा नको. त्याच्यावर दया करणे सोपे. जिवंत माणूस मागतो, आणि तिथे आपली दया अडखळते. दया ही देणाराच्या मर्जीची. आज आली, उद्या आटली. तिच्या एकटीच्या भरवशावर कोणाचे जगणे टांगून ठेवू नये.

युरोपातल्या जाणत्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. महायुद्धात त्यांचीच लक्षावधी माणसे निर्वासित झाली होती. पुढे ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोममध्ये मानवी हक्कांच्या करारावर सह्या झाल्या. त्याचे पहिलेच कलम सांगते, की हे हक्क केवळ नागरिकाचे नव्हेत. राज्याच्या अधिकाराखाली असलेल्या प्रत्येकाचे आहेत.

कोणी म्हणेल, "हो, पण घराला दार असतेच की! येईल त्याला आत घ्यायचे म्हटले तर घर कसे चालेल?" खरे आहे. कोणाला राहू द्यावे हे ठरवण्याचा अधिकार राज्याला आहे. पण नाही म्हणण्यालाही रीत असते. आधी त्याचे म्हणणे ऐकावे. जिथे त्याचा छळ होईल तिथे त्याला परत लोटू नये. आणि तो आपल्या भूमीवर आहे तोवर त्याला माणसासारखे वागवावे.

हे विसरले की काय होते पाहा. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेस लातीना भागात आपल्याच देशाचा एक तरुण शेतमजूर परवान्याच्या कागदाविना राबत होता. यंत्रात सापडून त्याचा हात तुटला. इस्पितळात नेण्याऐवजी त्याला घरापाशी सोडून देण्यात आले. दोन दिवसांनी तो गेला. कागद नसलेल्याने गाऱ्हाणे न्यावे तरी कोणाकडे? ज्याचा हक्क चालत नाही, त्याचे श्रम मात्र चालतात!

पण तिथेच दुसऱ्या तऱ्हेची माणसेही आहेत. फ्रान्समधल्या रोया खोऱ्यातला सेद्रिक एरू हा ऑलिव्ह पिकवणारा, कोंबड्या पाळणारा शेतकरी. इटलीतून सरहद्द ओलांडून येणाऱ्या थकल्याभागल्यांना त्याने जेवू घातले, आसरा दिला. त्याबद्दल त्याच्यावर खटला होऊन शिक्षाही झाली. तो डगमगला नाही. ६ जुलै २०१८ रोजी तिथल्या घटना परिषदेने निर्णय दिला, की बंधुता हे घटनेचे तत्त्व आहे. माणुसकीच्या हेतूने दुसऱ्याला मदत करण्याची मोकळीक त्यातूनच मिळते, तो देशात कायद्याने राहतो की नाही हे न पाहता. २०२० साली एरू निर्दोष सुटला.

तात्पर्य, दया अंतःकरणात उपजते, पण ती टिकायची तर तिला न्यायाचा बांध लागतो. एरूने दया केली. न्यायाने तिला बळ दिले. परका माणूस आपल्यासारखाच माणूस आहे हे कळायला त्याच्या मरणाची वाट पाहावी लागू नये, एवढेच सांगणे.