उपकार की हक्क?

"आमच्या बाईला आम्ही घरच्यासारखेच वागवतो," असे आपण अभिमानाने सांगतो. सणाला साडी देतो, अडीअडचणीला उचल देतो. हे चांगलेच आहे. पण तिचे तीन खाडे झाले की पगार कापतो, आणि आपण पंधरा दिवस गावी गेलो तर तेवढे दिवस धरत नाही. साडी आपल्या मर्जीने, सुटीही आपल्याच मर्जीने! मग श्रम करणाऱ्याला मिळते तो आपला उपकार की त्याचा हक्क?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, तो लागू असलेल्या ठिकाणी, कामगाराला आठवड्याची सुटी आणि वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा दिली आहे. ती मागणाऱ्याला कोणी कृतघ्न म्हणत नाही.

"बाई चार घरी काम करते, मग मालक कोण?" असे कुणी म्हणेल. बाजारातल्या हमालाचेही तसेच होते. आज या पेढीवर, उद्या त्या. तरी १९६९ च्या माथाडी कायद्याने वाट काढली. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा द्यायची. मालक अनेक असले म्हणून हक्क बुडत नाही.

घरकामगारांसाठी आपल्या राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या बाईला नोंदणी करता येते. बाळंतपण, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी यांसाठी मदतीची त्यात तरतूद आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तर घरालाही कामाचे ठिकाण मानले. तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पण आठवड्याची सुटी, पगाराचा दर २००८ च्या कायद्यात नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असे केंद्र सरकारला सांगितले.

तोवर काय? कायदा उंबऱ्याशी थांबला, म्हणून न्यायही तिथेच थांबतो का? "ती कबूल झाली होती," हे आपले नेहमीचे उत्तर. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात हेच उत्तर तपासले. गरजेपोटी कामगार कमी मजुरीला कबूल झाला, तरी तिच्यात त्याचे पोट भरत नसेल तर तो अन्यायच, अशी त्यांची शिकवण आहे. गरजवंताचा होकार म्हणजे न्याय नव्हे.

आपल्यातही अनेकांचे उत्पन्न बेताचे आहे. पगार एकदम वाढवणे सर्वांना जमणार नाही. पण आपण गावी गेलो तरी पूर्ण महिना द्यावा, आठवड्याची एक सुटी आधीच ठरवावी, मंडळाच्या नोंदणीची माहिती तिला द्यावी. एवढे तर जमेल?

आज रविवार, आपल्या विसाव्याचा दिवस. मिस्साहून घरी गेल्यावर भांडी घासायला आज कोण आले आहे आणि तिचा विसाव्याचा दिवस कोणता, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.