कपिलधारचा बेल आणि माझं कुंपण

आजचं चिंतन जंगमावर. वीरशैवांच्या अष्टावरणात गुरू, लिंग आणि लगेच जंगम. घर नसलेला, दारोदार फिरणारा. लिंगाला वाहिलेलं त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या सामाईक जागेत मी बाबांच्या आठवणीत बेल लावलाय. कमिटीची नोटीस आली: ‘अतिक्रमण हटवा.’ डोकंच फिरलं. १९७५ चा वृक्ष कायदा वाचला, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही म्हणून तीन पानी पत्र टाईप केलं. (एवढं लक्ष देऊन कोडसुद्धा तपासत नाही!)

श्रावणात आईला घेऊन कपिलधारला गेलो. धबधबा भरून कोसळत होता. मन्मथस्वामींच्या समाधीवर बेल वाहताना आई म्हणाली, “झाड लावलंस ते बरं केलंस रे, पण भोवती तार कशाला? परवा खालच्या आजी पानासाठी आल्या अन् तशाच परत गेल्या.”

रात्री नोटीस पुन्हा उघडली. तक्रार तारेच्या कुंपणाचीच होती. झाडाबद्दल एक शब्द नव्हता.

रविवारी तार कापली. पत्र मात्र अजून ड्राफ्टमध्येच आहे. डिलीट करायला हात धजत नाही.